मस्तकांतराची कथा : वेताळाचा प्रश्न आणि ‘हयवदन’

लोककथेचा साहित्यकृतीत झालेला उपयोग तपासताना आपले अभ्यासक बहुधा साम्यांची यादी करून थांबतात. कोणता प्रसंग कोठून आला हे ठरविणे आवश्यक असले, तरी तेवढ्याने कृतीचे मर्म हाती येत नाही. जुनी कथा जो प्रश्न विचारीत होती तोच नवी कृती विचारते काय, हे पाहिले पाहिजे. गिरीश कार्नाड यांचे मूळ कन्नड आणि चिं. त्र्यं. खानोलकरांच्या अनुवादाने मराठीत आलेले ‘हयवदन’ (१९७१) हे नाटक या दृष्टीने उद्बोधक आहे.

अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त वेताळ ही कथा सांगतो. धवल नावाचा रजक देवीच्या मंदिरात आपले शिर अर्पण करतो. मागोमाग गेलेला त्याचा मेहुणाही तेच करतो. देवी प्रसन्न झाल्यावर मदनसुंदरी घाईघाईत पतीचे शिर भावाच्या धडावर आणि भावाचे पतीच्या धडावर ठेवते. आता तिचा पती कोणता? राजा सांगतो : मस्तक हे सर्व गात्रांत प्रधान, म्हणून पतीचे मस्तक ज्या धडावर, तोच पती.

येथे प्रश्न निवाड्याचा आहे. दुसरा पुरुष सख्खा भाऊ असल्यामुळे मदनसुंदरीच्या इच्छेला त्यात जागाच नाही. हा दुसरा पुरुष पतीचा मित्र असल्याचा पाठही परंपरेत आढळतो. टोमास मान या जर्मन कादंबरीकाराने १९४० साली ही कथा हाती घेतली तेव्हा त्याने मित्रच स्वीकारला, आणि कार्नाडांनी त्याचेच अनुसरण केले. भावाच्या जागी मित्र येताच निवाड्याचा प्रश्न वासनेचा होतो. एकाची बुद्धी आणि दुसऱ्याचे शरीर हवे असलेल्या स्त्रीच्या हातून झालेली अदलाबदल निव्वळ चूक मानता येत नाही. दोन्ही कृतींत ऋषी राजाचाच निर्णय देतो. परंतु कथा तेथे संपत नाही. मस्तकाच्या वळणाने शरीरे हळूहळू पूर्ववत होतात, दोघे मित्र परस्परांच्या हातून मरतात आणि स्त्री अग्निप्रवेश करते.

मग कार्नाडांचे स्वतःचे काय? कथानक मानचे, हा आक्षेप निम्मा खरा आहे. उरलेले निम्मे नाटकाच्या चौकटीत आहे. आरंभी भागवत गणेशाचे स्तवन करतो. ही केवळ नाट्यरूढी नव्हे. राजाचा न्याय लावला, तर गजाननास हत्ती म्हणावे लागेल! पुराणांत मात्र शिर बदलूनही तो पार्वतीचाच पुत्र राहतो; बोकडाचे शिर लागलेला दक्षही दक्षच राहतो. म्हणजे मस्तकाच्या प्राधान्याचा सिद्धान्त परंपरेलाच सर्वत्र मान्य नाही. ऋषीचा निर्णय ऐकण्यापूर्वीच प्रेक्षकासमोर त्याचे मूर्तिमंत खंडन उभे केलेले असते. पूर्णत्व शोधणाऱ्या हयवदनास ते अखेर लाभते, पण माणूस म्हणून नव्हे, संपूर्ण घोडा होऊन. मस्तक येथेही जिंकते, आणि त्या विजयाचे आपणांस हसू येते.

तथापि एक उणीव नोंदविली पाहिजे. इच्छेला कथेत प्रवेश देऊनही नाटककार पद्मिनीस चितेवाचून दुसरी वाट देत नाही. तिच्यासाठी लढणारे दोघे मरणाचा निर्णय तिला वगळूनच घेतात. या अन्यायाची जाणीव नाटकास आहे. त्यातून सुटका मात्र नाही.

वेताळकथेची मूळ चौकट येथे आठवते. राजाने अचूक उत्तर दिले की त्याचे मौन भंगते आणि वेताळ पुन्हा शिंशपा वृक्षास जाऊन लोंबकळतो. बरोबर उत्तराने प्रश्न सुटत नाही, हे त्या चौकटीचे सूत्र होते. कार्नाडांनी ती चौकट टाकली, परंतु तिचे सूत्र राखले. लोककथेशी असलेले त्यांचे खरे नाते साम्यांच्या यादीत सापडत नाही. ते येथे सापडते.