गाणे सुरू होण्याआधी

'पिंक फ्लॉइड' या इंग्रज वाद्यवृंदाची 'विश यू वेअर हिअर' ही तबकडी १९७५ साली निघाली. पहिलेच गीत सुरू होते आणि गाणारा साडेआठ मिनिटे तोंडच उघडत नाही! आमच्याकडे ती लावली तेव्हा धाकटे चिरंजीव म्हणाले, "बाबा, यंत्र बिघडलं वाटतं." त्याला हसू नये. त्या साली काही जाणत्या समीक्षकांचीही तक्रार अशीच होती: सूर थंड, जिव्हाळा नाही. लोकांनी मात्र तबकडी इंग्लंड-अमेरिकेत विक्रीच्या पहिल्या क्रमांकावर नेऊन बसवली.

मला तर तो थंडपणाच खरा वाटतो. गीत आहे सिड बॅरेटवर. वाद्यवृंदाचा हा पहिला गीतकार. मन ढासळले आणि १९६८ साली तो बाजूला पडला. १९७५च्या जूनमध्ये, ध्वनिमुद्रण चालू असतानाच, तो लंडनच्या स्टुडिओत येऊन उभा राहिला. अंगाने सुटलेला, डोके नि भुवया भादरलेल्या. ज्याच्यासाठी गीत रचले तोच समोर, आणि सोबत्यांना ओळख पटेना! अशा दुःखाला हंबरडा शोभत नाही. चौथ्या मिनिटाच्या सुमारास गिटारचे चारच स्वर येतात, थांबतात, पुन्हा येतात. हाक मारून कोणी उत्तराची वाट पाहावी तसे.

मधल्या गीतातली धंदेवाल्यांची टवाळी तेवढी मला उपरी वाटली. ती गायलाही बाहेरचा गायक, रॉय हार्पर, आणलेला.

दुसऱ्यांदा तबकडी लावली ती थोरले बंधू गेल्यावर. सौ.ही येऊन बसल्या. साडेआठ मिनिटे कधी सरली, कळले नाही.