सगळ्यात महागडा खेळाडू आणि माझं फसलेलं गृहीतक

प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की आमच्या अभ्यासिकेतला अभ्यास बंद पडतो. छत्रपती संभाजीनगरचा स्वतःचा संघ नाही, त्यामुळे इथे सरळ दोन तट आहेत. एक पुणेरी पलटणचा, दुसरा यू मुंबाचा. विद्यापीठ गेटजवळ चहा घेता घेता वहीच्या मागच्या पानावर याद्या तयार होतात : कुणाला कायम ठेवायचं, कुणाला सोडायचं, उरलेल्या पैशात कोण येऊ शकतो. मीही त्यातलीच. पलटणवाली.

मागच्या लेखात आपण संशोधनाचा प्रश्न कसा निवडायचा ते पाहिलं. आज मला या याद्यांची समीक्षा करायची आहे. हसू नका. पेटची तयारी करताना तुम्ही ‘गृहीतक म्हणजे काय’ याची व्याख्या पाठ करता, पण गृहीतक चुकतं कसं हे पुस्तकात पटकन कळत नाही. चाहत्यांच्या यादीत ते उघड्यावर दिसतं. आणि तिथली एक चूक मी थेट माझ्या सिनॉप्सिसमध्ये नेली होती, तेही सांगते.

याद्यांमध्ये चांगलं काय असतं

आधी श्रेय देऊ. चाहते मर्यादेत राहून विचार करतात. २०२३ च्या लिलावात प्रत्येक संघाकडे ५ कोटी रुपयांची थैली होती. खेळाडूंचे अ, ब, क, ड असे गट आणि त्यांच्या पायाभूत किमती अनुक्रमे ३०, २०, १३ आणि ९ लाख. त्यामुळे ‘मला हाही हवा आणि तोही हवा’ असं चालत नाही. एक घेतला की दुसरा सुटतो. आमच्यातला एक जण तर आधी संघातली भोकं मोजतो : डावा कोपरा कोण सांभाळणार, तिसरा चढाईपटू कोण, आणि मगच नावं लिहितो. म्हणजे प्रश्न आधी, उत्तर नंतर. खरं सांगते, कित्येक सिनॉप्सिसमध्ये एवढी शिस्त नसते. तिथे आधी प्रश्नावली तयार असते आणि तिच्यासाठी समस्या शोधली जाते.

पण यादी संपली की गप्पांमध्ये ‘नियम’ यायला लागतात. तिथून घोळ सुरू होतो.

पहिला नियम : ‘महागडा घेतला की संघ बुडतो’

हा आमच्याकडचा सर्वात लाडका नियम. पुरावाही तोंडपाठ आहे. २०१८ मध्ये मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांना हरियाणा स्टीलर्सकडे गेला. २०१९ मध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई १ कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे. २०२१ मध्ये परदीप नरवाल १ कोटी ६५ लाखांना यूपी योद्धाकडे. २०२२ मध्ये पवन सेहरावत २ कोटी २६ लाखांना तमिळ थलायवाजकडे. २०२३ मध्ये पुन्हा पवन, २ कोटी ६०.५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे. २०२४ मध्ये सचिन तंवर २ कोटी १५ लाखांना तमिळ थलायवाजकडे. सहा लिलाव, सहा सर्वात महागडे खेळाडू आणि त्यांच्या संघांची विजेतेपदं शून्य.

दिसायला किती भक्कम आहे बघा! मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे मला तर घबाडच सापडल्यासारखं वाटलं. लिलावातली किंमत आणि संघाची कामगिरी यांचा उलटा संबंध आहे, असं गृहीतक लिहिलं, वर हे सहा दाखले जोडले आणि सिनॉप्सिसचा पहिला खर्डा घेऊन गाईड मॅडमकडे गेले.

मॅडमनी वाचलं आणि एकच विचारलं, “अगं, स्पर्धेत संघ किती?”

“बारा, मॅडम.”

“मग डोळे मिटून दरवर्षी कुठलाही एक संघ निवडला, तर सहा वर्षांत तो एकदाही जिंकणार नाही याची शक्यता काढलीस का?”

नव्हती काढली. तिथेच कागदावर काढली. सगळे संघ सारख्याच ताकदीचे मानले, तर एका वर्षी न जिंकण्याची शक्यता १२ पैकी ११. सहा वर्षांसाठी हा अपूर्णांक स्वतःशीच सहा वेळा गुणायचा. उत्तर आलं ०.५९. म्हणजे महागड्या खेळाडूचा काहीही परिणाम नसता, तरी ‘सहापैकी शून्य’ हे चित्र दिसण्याची शक्यता जवळजवळ ५९ टक्के होती! जे निव्वळ योगायोगानेही निम्म्याहून जास्त वेळा दिसलं असतं, त्याला मी शोध म्हणत होते.

मी हार मानली नाही. म्हटलं, विजेतेपद राहू द्या, प्ले-ऑफ बघू. त्या मोसमांत बारापैकी सहा संघ तिथे जायचे. आपल्या सहापैकी दोनच पोहोचले, यूपी योद्धा आणि २०२२ चे तमिळ थलायवाज. मॅडम म्हणाल्या, “नाणं सहा वेळा उडव. दोन किंवा त्याहून कमी छापे पडायची शक्यता काढ.” ६४ पैकी २२, म्हणजे ३४ टक्के. पुन्हा काहीच हाती नाही.

नीट लक्षात घ्या. याचा अर्थ ‘महागडा खेळाडू फायद्याचा असतो’ असा होत नाही. एवढ्याशा नमुन्यातून इकडे किंवा तिकडे काहीच म्हणता येत नाही, एवढाच अर्थ. शून्य गृहीतक फेटाळता आलं नाही म्हणजे ते खरं ठरलं असं नव्हे. हे वाक्य तुम्ही पेटसाठी पाठ केलं असेल. मीही केलं होतं. वेळ आली तेव्हा आठवलं नाही.

दुसरा नियम : ‘पवनमुळे टायटन्स बुडाले’

आता एकाच लिलावातली दोन उदाहरणं घेऊ. २०२३ मध्ये टायटन्सनी पवनवर थैलीच्या ५२ टक्के रक्कम लावली. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शाडलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं, म्हणजे ४७ टक्के. जुगार जवळपास सारखाच. टायटन्स शेवटच्या क्रमांकावर राहिले. पलटणने १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं.

यावर आमच्या कट्ट्यावर लगेच निष्कर्ष निघतो : बचावपटूवर पैसा लावा, चढाईपटूवर नको. दोन संघ, दोन निकाल, नियम तयार.

पण त्याच्या आधी काय होतं ते बघा. टायटन्स त्याच्या आधीच्या दोन्ही मोसमांत शेवटच्याच क्रमांकावर होते. पवन नव्हता तेव्हाही शेवटचे, आला तेव्हाही शेवटचे. मग त्याने संघ बुडवला कसा? उलट पलटण आधीच्या मोसमात अंतिम फेरी खेळलेला संघ. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते ही तरुण मंडळी आधीपासूनच होती. शाडलुई तयार घरावर चढवलेला मजला होता. टायटन्सना पायापासून घर बांधायचं होतं.

संशोधनाच्या भाषेत, दोन्ही संघांची सुरुवातीची पातळी वेगळी होती आणि ती न धरताच आपण तुलना केली. त्याहून खोल अडचण पुढे आहे. हरलेले संघ बहुतेकदा जास्त खेळाडू सोडतात, त्यामुळे त्यांच्याकडे लिलावात जास्त पैसा उरतो आणि मोठी बोली लावायची ताकद त्यांच्याकडे असते. मग ‘महाग खरेदी’ आणि ‘वाईट कामगिरी’ एकत्र दिसतील, पण त्यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला? कदाचित वाईट कामगिरीमुळेच महाग खरेदी होत असेल. माझ्या सिनॉप्सिसमध्ये बाण उलटा काढलेला असण्याची दाट शक्यता होती.

२०२२ चं उदाहरण तर याहून गमतीचं. थलायवाजनी पवनला घेतलं, तो पहिल्याच सामन्यात गुडघ्याला दुखापत होऊन मोसमाबाहेर गेला, आणि त्याच्याशिवाय संघ उपांत्य फेरीत पोहोचला. माझ्या तक्त्यात मात्र ही नोंद ‘महागडा खेळाडू, प्ले-ऑफ : हो’ अशीच होती. तक्त्याला दुखापत कळत नाही. तक्ता भरणाऱ्याला कळायला हवी.

तिसरा नियम : ‘मी म्हटलं होतं ना!’

लिलाव संपला की आमच्यातला प्रत्येक जण बरोबर ठरतो. कारण कुणीच आधी काही पक्कं लिहिलेलं नसतं. ‘पलटण एखादा मोठा बचावपटू बघेल’ हे वाक्य चुकणार कसं? ‘एखादा’ आणि ‘बघेल’ या दोन शब्दांनी सगळ्या पळवाटा उघड्या ठेवल्यात. निकाल कळल्यावर गृहीतक मांडायचं आणि ते आधीपासूनच होतं असं दाखवायचं, या सवयीवर मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट केर यांनी १९९८ मध्ये सविस्तर लेख लिहिला. तिथे ते संशोधन अहवालांबद्दल बोलत होते. आमच्या कट्ट्यालाही ते शब्दशः लागू पडतं.

यावर उपाय जुना आहे आणि हवामान खात्यातून आलाय. १९५० मध्ये ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने अंदाजांना गुण द्यायची साधी रीत सांगितली. अंदाज टक्क्यांत द्यायचा. घटना घडली तर १, नाही घडली तर ०. अंदाज आणि निकाल यांतल्या फरकाचा वर्ग करायचा. गुण जितके कमी तितका अंदाज चांगला.

करून बघू. समजा तुम्ही म्हणालात, ‘अमुक खेळाडूला पलटण कायम ठेवेल याची शक्यता ७० टक्के.’ ठेवलं तर ०.७ वजा १, त्याचा वर्ग ०.०९. नाही ठेवलं तर ०.७ चा वर्ग ०.४९. आणि ‘काही सांगता येत नाही, ५०-५०’ म्हणणाऱ्याला काहीही झालं तरी ०.२५. म्हणजे छातीठोकपणे चुकणाऱ्याला गप्प बसणाऱ्यापेक्षा जास्त दंड बसतो. एका अंदाजावरून काही ठरत नाही, पण वीस-तीस अंदाजांची सरासरी काढली की कोण खरंच जाणतं आणि कोण नुसतं मोठ्याने बोलतं ते कळतं.

मग अशा विषयावर संशोधन होतच नाही का?

होतं, आणि उत्तम होतं. अमेरिकी फुटबॉलमध्ये लिलावाऐवजी ड्राफ्ट असतो. नवे खेळाडू संघ पाळीपाळीने निवडतात आणि साधारणपणे मागच्या मोसमात तळाला असलेल्या संघाला पहिली पाळी मिळते. संघ आपापल्या पाळ्यांची आपसांत अदलाबदलही करतात. तिथले चाहतेही महिनोन्‌महिने आमच्यासारख्याच याद्या करत बसतात. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (यांना पुढे २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांनी याच ड्राफ्टवर अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की संघ पहिल्या काही पाळ्यांना अवाजवी किंमत देतात. एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्यानंतर निवडलेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीच जास्त होती.

वरवर बघता हे माझ्याच गृहीतकासारखं वाटेल. फरक कुठे आहे ते बघा. त्यांनी ‘कोण जिंकलं’ हे मोजलं नाही. जिंकण्यात पन्नास गोष्टी मिसळलेल्या असतात. त्यांनी पाळ्यांच्या अदलाबदलीतून संघ काय किंमत मोजतात ते काढलं आणि ते खेळाडूच्या पुढच्या कामगिरीशी व पगाराशी ताडून पाहिलं. सहा ठळक नावं निवडली नाहीत, अनेक वर्षांचे सगळे निवडलेले खेळाडू घेतले. गाजलेले आणि न गाजलेले दोन्ही. माझ्या यादीत फक्त तेच होते ज्यांची बातमी झाली होती.

माझं पुढे काय झालं? ते गृहीतक काढून टाकलं. सल्लागार समितीची तारीख तीन आठवड्यांवर होती, त्यामुळे रडूही आलं. विषय लिलावाचाच ठेवला, पण प्रश्न लहान केला : एका लिलावातल्या बोलीचा खेळाडूच्या पुढच्या मोसमातल्या गुणांशी काय संबंध आहे, आणि आधीच्या मोसमातले गुण हिशेबात धरले तर तो संबंध किती उरतो. ऐकायला फिकं वाटतं, मान्य आहे. पण याचं उत्तर ‘नाही’ आलं तरी माझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल. आधीच्या प्रश्नात ती सोयच नव्हती.

तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा तुमच्या लाडक्या पुराव्याला मॅडमचा प्रश्न आधी स्वतःच विचारा : माझं म्हणणं खोटं असतं, तरी मला हेच दिसलं असतं का? उत्तर ‘हो, बऱ्याचदा’ असं आलं तर थांबा. समितीसमोर कळण्यापेक्षा वहीत कळलेलं बरं. फेलोशिपची वर्षं मोजकी असतात.

आणि कट्ट्याचं म्हणाल, तर आता आमच्या याद्यांना टक्के आलेत. लिलावाच्या आदल्या रात्री प्रत्येकाने वीस अंदाज लिहून सही करायची, वही यू मुंबावाल्याकडे ठेवायची. गेल्या वेळी माझी सरासरी ०.२७ आली. म्हणजे सगळीकडे ५०-५० लिहून झोपले असते तरी जास्त चांगले गुण मिळाले असते. वही अजून त्याच्याकडेच आहे आणि तो ती सगळ्यांना दाखवतो.