बळसाण्याची देवळे आणि ‘हेमाडपंती’ ही संज्ञा

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, बुराई नदीच्या खोऱ्यात, बळसाणे या गावी मध्ययुगीन देवळांचा एक भग्न समूह आहे. तो पाहावयास जाणाऱ्या अभ्यासकास वाटेतच एक शब्द ऐकावयास मिळतो: ‘हेमाडपंती’. देऊळ दृष्टीस पडण्यापूर्वीच त्याचा काळ, त्याचा कर्ता आणि त्याची शैली या तिन्ही प्रश्नांचा निकाल या एका शब्दाने लागून जातो. हा निकाल कितपत ग्राह्य आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप होय. महादेवाची कारकीर्द इ. स. १२६१ च्या सुमारास सुरू झाली. उलटपक्षी, याच संज्ञेखाली सर्रास मोडणारे कोकणातील अंबरनाथचे शिवालय शके ९८२ च्या, म्हणजे इ. स. १०६० च्या, शिलालेखाने निश्चित झालेले आहे. मंत्र्याच्या उदयापूर्वी दोन शतके उभे असलेले देऊळ त्याच्या नावे मोडावे, यात कालक्रमाचा विपर्यास उघड आहे. चुन्याविना रचलेले घडीव दगड पाहून लोकांनी हे नाव दिले असावे. परंतु दगड सांधण्याची ती रीत हेमाद्रीहून पुष्कळ जुनी आहे. चतुर्वर्गचिंतामणीसारखा धर्मशास्त्रीय ग्रंथ रचणारा, आणि लोककथेने लंकेहून मोडी लिपी आणणारा ठरविलेला हा पुरुष, महाराष्ट्राच्या स्मरणात सर्वच जुन्या बांधकामाचा धनी होऊन बसला. लोकस्मृती म्हणून त्याचे मोल आहेच. पुरावा म्हणून नाही.

मग ही देवळे वाचावी कशी? हेन्री कझिन्स यांनी दख्खनमधील मध्ययुगीन देवळांवरील आपल्या १९३१ च्या ग्रंथात बळसाण्याची दखल घेतली, हे या दृष्टीने महत्त्वाचे होय. समूहातील मुख्य देऊळ एका सामायिक मंडपाभोवती तीन गाभारे असलेले आहे. एकाच गाभाऱ्याच्या देवळात दारापासून मूर्तीपर्यंत दृष्टी सरळ धावते. येथे मात्र मंडपात उभ्या राहिलेल्या माणसास वळावे लागते, आणि त्यामुळे मंडप ही केवळ गाभाऱ्याकडे जाण्याची वाट न राहता वास्तूचे केंद्र बनते. हा गुण नावाने कळत नाही. आराखडा हाती घेऊन आत उभे राहिल्यावरच तो प्रत्ययास येतो.

शैलीच्या दृष्टीने या परिसराचा संबंध ‘भूमिज’ परंपरेशी आहे. शिखराच्या चार बाजूंस वर चढत जाणाऱ्या लता, आणि त्यांच्या दरम्यान लहान शिखरप्रतिकृतींच्या आडव्या-उभ्या ओळी, हे तिचे लक्षण. माळव्यातील उदयपूरचे उदयेश्वर, मालेगाव तालुक्यातील झोडग्याचे माणकेश्वर आणि सिन्नरचे गोंदेश्वर ही तिची ठळक उदाहरणे होत. नकाशावर ही नावे ठेवून पाहिली असता तापीचे खोरे माळवा आणि दख्खन यांच्या मध्ये येते. राजकीय दृष्ट्याही हा प्रदेश मोकळा नव्हता: चाळीसगावजवळील पाटण येथील तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकातील शिलालेखात यादवांचे मांडलिक निकुंभ घराणे आढळते, आणि भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी चांगदेवाने स्थापिलेल्या मठाची नोंदही त्यातच आहे.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. ‘हेमाडपंती’ म्हटले की खानदेश देवगिरीच्या कडेचा प्रांत ठरतो, व तेथील लहान देवळे मोठ्यांच्या दुय्यम प्रती ठरतात. रचनेवरून पाहिले तर तोच प्रदेश दोन कलाक्षेत्रांच्या संपर्काची जागा ठरतो. ज्यास प्रत मानले, त्याचे मोजमाप कोणी तातडीने घेत नाही. आणि बळसाण्याचा समूह आधीच भग्न आहे. म्हणून स्थळनिरीक्षणाच्या टिपणात शैलीचे नाव शेवटी यावे, आराखडा, स्तंभ आणि शिल्पे प्रथम यावीत. तसे झाल्यास नदीकाठचे हे पडके दगड स्वतःची साक्ष स्वतः देऊ शकतील.