बेन किंग्स्ले: परक्यांच्या भूमिका आणि एक इंग्रज नट

१९८२ साली रिचर्ड ॲटनबरो यांचा 'गांधी' प्रदर्शित झाला आणि पुढल्या वर्षी बेन किंग्स्ले यांना उत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले, तेव्हा 'हा तर मूळचा कृष्ण भानजी, म्हणजे आपलाच' असे म्हणून आपल्याकडे जो आनंद व्यक्त झाला, तो स्वाभाविक असला तरी समीक्षेच्या कामाचा नव्हता. वडील गुजराती खोजा वंशाचे डॉक्टर, आई इंग्रज, जन्म १९४३ च्या अखेरच्या दिवशी यॉर्कशायर परगण्यातला आणि बालपण मँचेस्टरनजीकचे, असा हा नट वाणीने व तालमीने सर्वस्वी इंग्रज होता. परकीय नावाच्या माणसाला भूमिका देताना निर्माते कचरतात, हे तरुणपणीच उमगल्यामुळे त्यांनी नावही इंग्रजी वळणाचे घेतले होते.

१९६७ साली ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत रुजू झाले. पीटर ब्रुक यांच्या १९७० च्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये डिमिट्रियस आणि पुढे स्ट्रॅटफर्डच्या 'द अदर प्लेस' या पत्र्याच्या लहानशा नाट्यगृहात बझ गुडबडी यांच्या दिग्दर्शनाखाली हॅम्लेट, अशी त्यांची चढती कमान रंगभूमीने निमूटपणे मान्य केली. चित्रपटसृष्टीचा शिरस्ता मात्र निराळा. तिने त्यांना हिंदी, ज्यू, इराणी अशा नाना परक्यांची मुखत्यारी बहाल केली आणि इंग्रज माणूस साकारण्याचा हक्क क्वचितच दिला.

या बंधनातूनही त्यांनी जे कमावले ते थोर आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. 'गांधी'तील भव्य सभांपेक्षा दक्षिण आफ्रिकेतल्या आश्रमातील तो लहानसा प्रसंग पाहावा: शौचकूप साफ करण्यावरून वाद पेटतो, गांधी कस्तुरबांना दाराबाहेर ढकलू लागतात आणि एकाएकी स्वतःच्याच संतापाने लज्जित होऊन थबकतात. रोहिणी हट्टंगडी यांनी त्या प्रसंगात जी तोलामोलाची साथ दिली आहे, तिच्यामुळेच महात्मा क्षणभर पती होतो. (या बाईंना बाफ्टा पुरस्कार मिळाला आणि कोल्हापूरच्या भानु अथैया यांना वेशभूषेचे ऑस्कर, हे मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवायला हरकत नाही.) 'शिंडलर्स लिस्ट'मधील किंग्स्ले यांचा हिशेबनीस इट्झाक स्टर्न तर मोजकेच बोलतो, मालकाने देऊ केलेला पेला तो वारंवार नाकारतो आणि सर्वनाश समोर दिसू लागल्यावर मात्र एकदाच स्वीकारतो. एवढ्याशा कृतीत त्या माणसाची सारी आशा संपल्याचे कळते.

परंतु माझ्या मते त्यांची सर्वोच्च कामगिरी जोनाथन ग्लेझर यांच्या २००० सालच्या 'सेक्सी बीस्ट'मधील डॉन लोगन हीच होय. लंडनचा हा गुंड स्पेनमध्ये निवृत्त झालेल्या जुन्या साथीदाराला पुन्हा कामावर नेण्यासाठी येतो आणि नकार ऐकूनच घेत नाही. खुर्चीत ताठ बसतो, बोलता बोलता एकाएकी गप्प होतो आणि आरशासमोर उभा राहून स्वतःशीच असा काही हुज्जत घालतो, की हिंसा त्याच्या हातात नसून वाक्यांच्या लयीत आहे हे जाणवून प्रेक्षक अस्वस्थ होतो. येथे किंग्स्ले अखेर अस्सल इंग्रज आहेत, आणि शेक्सपिअरच्या भाषेवर घासलेली जीभ प्रथमच पडद्यावर पूर्णपणे मोकळी सुटली आहे.

परक्या नावाच्या नटांच्या पुढल्या पिढीला ही मोकळीक पुष्कळ आधी लाभली. हॅरोत वाढलेला देव पटेल स्वतःच्या नावाने, आर्मांडो इयानुची यांच्या २०१९ च्या चित्रपटात डेव्हिड कॉपरफिल्ड साकारतो, आणि वर्णाची कैफियत देण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही. रिझ अहमद 'साउंड ऑफ मेटल'मध्ये बहिरा होत जाणारा ड्रमवादक रंगवून ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचतो. वाट रुंद झाली, हे खरे. तथापि या दोघांपैकी कोणाच्याही भूमिकेत लोगनच्या शांततेची धार अद्याप आलेली नाही.