सुटका एका दिवसात होते, सुधारणा होत नाही

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने गुंडांच्या मालिकेवर काय बोलायचं, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. पण माणूस खरोखर बदलू शकतो का, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न. तो आम्हांला पुन्हा भेटला 'द सोप्रानोज'मध्ये. न्यू जर्सीतल्या माफिया टोळीची ही डेव्हिड चेस यांची मालिका १९९९ ते २००७ या काळात चालली. तिच्या पाचव्या पर्वात, २००४ साली, टोनी ब्लन्डेटो येतो. काम स्टीव्ह बुशेमी यांचं.

हा टोळीप्रमुख टोनी सोप्रानोचा मावसभाऊ. सतरा वर्षं तुरुंगात काढून बाहेर पडलेला. भाऊ लगेच धंद्यात घ्यायला तयार आहे. हा नको म्हणतो. त्याला मसाज थेरपिस्ट व्हायचं आहे. किम नावाच्या कोरियन माणसाच्या लाँड्रीत तो कपडे पोचवायचं काम करतो आणि परवान्यासाठी अभ्यास करतो. किम आधी संशयी असतो. पुढे या माणसाची चिकाटी बघून तोच भागीदारीत मसाजचं दुकान काढायचं ठरवतो.

आणि मग रस्त्यावर, पळत्या गाडीतून फेकलेली एक पिशवी त्याला सापडते. आत बारा हजार डॉलर. ते जुगारात आणि कपड्यांत उडतात. दुकान उघडायची वेळ जवळ आलेली असताना तो किमलाच बेदम मारतो आणि भावाच्या दारी परत जातो. पुढे खून, आणि शेवटी त्याच भावाच्या बंदुकीने मरण.

आता आमची तक्रार ऐका. ही घसरण मॅथ्यू वायनर यांनी लिहिलेल्या एकाच भागात उरकली आहे. पिशवी तर आकाशातून पडल्यासारखी येते. लेखकाने निकाल आधीच लिहून ठेवला होता की काय? काही अंशी होय. पण एक गोष्ट अचूक आहे. टोनी बी कोसळतो तो हलाखीत नव्हे, यश दारात आलेलं असताना. अपयशाची त्याला सवय होती. उद्यापासून आपल्यावर कोणीतरी भरवसा टाकणार, हे ओझं त्याला पेलत नाही. बुशेमींच्या चेहऱ्यावर किमविषयीचा राग दिसतो. खरं तर ती भीती आहे.

अॅरिस्टॉटल सांगतो, न्यायाची कृत्यं करत करतच माणूस न्यायी होतो. म्हणजे चांगुलपणा ही सवय, आणि सवय म्हणजे तेच ते पुन्हा करणं. रोज कपड्यांची गाठोडी उचला, रात्री पुस्तक उघडा, उद्या परत तेच. आता सांगा, हे नाटकात दाखवायचं कसं? खुनाला एक प्रसंग पुरतो. सुधारणेला हजार दिवस लागतात आणि त्यांतला एकही दिवस प्रसंग नसतो. म्हणून गुन्हेगारी कथेत सरळ मार्गाला लागलेला माणूस बहुधा हरतो. तो दुबळा असतो हे एक कारण. त्याचं जिंकणं कथेला परवडत नाही, हे दुसरं.

आणि कथेला परवडत नाही, कारण आपल्याला परवडत नाही. आम्ही स्वतःचंच सांगतो. लाँड्रीची दृश्यं चालू असताना आम्ही वाट बघत होतो: हा कधी बिघडणार? पिशवी दिसली तेव्हा आम्ही खुर्चीत सावरून बसलो. त्या क्षणी आम्ही किमच्या बाजूचे नव्हतो, टोळीच्या बाजूचे होतो.

पडद्यावर हे चालतं. पण शिक्षा भोगून सुटलेला खराखुरा माणूस आपल्या गल्लीत राहायला येतो तेव्हाही आपण अशीच वाट बघत असू, तर? त्याचे हजार कंटाळवाणे दिवस कोणी मोजत नाही. एक चुकलेला दिवस मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतो. किमने काही काळ ते दिवस मोजले, म्हणून या कथेतला सर्वांत धाडसी माणूस आम्हांला तोच वाटतो. मार त्यालाच बसला, हेही विसरू नका. विश्वास फुकट मिळत नाही. तो ठेवणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते.

प्रश्न असतील तर विचारा.