शोधवार्ता, साक्ष आणि जात : वऱ्हाडच्या निमित्ताने काही प्रश्न

१

मराठी समीक्षेने वृत्तपत्रीय लेखनाचा विचार केला तो बहुधा निबंध, ललितलेख किंवा रिपोर्ताज यांच्या अनुषंगाने. बातमी ही स्वतंत्र संहिता आहे, तिचे स्वतःचे निवेदनतंत्र आहे, तिलाही निवेदक आणि दृष्टिकोन असतो, ही जाणीव आपल्याकडे उशिरा आली. त्यामुळे जातिवास्तवाचा शोध घेणाऱ्या पत्रकाराचे लेखन एकतर ‘सामाजिक कार्य’ म्हणून गौरविले गेले किंवा ‘प्रचार’ म्हणून बाजूला सारले गेले. त्याच्या रूपबंधाची चिकित्सा झाली नाही. प्रस्तुत लेखात ती काही अंशी करावयाची आहे. संदर्भासाठी अमरावती आणि अकोला हे वऱ्हाडचे दोन जिल्हे घेतले आहेत. त्यांची स्वतंत्र वृत्तपत्रीय परंपरा आहे आणि या प्रश्नाच्या दोन टोकाच्या कसोट्याही तेथेच सापडतात. एक ढाकळी, दुसरी मेळघाट.

२

आधी बातमीचे व्याकरण पाहू. एखाद्या खेड्यातली स्त्री वऱ्हाडीत सांगते, “त्यायनं आमाले पानी भरू देलं नाई.” या वाक्यात कर्ता आहे, कर्म आहे आणि नकाराची कृती आहे. ठाण्यातल्या नोंदीत त्याचे ‘पाण्याच्या कारणावरून वाद’ असे रूपांतर होते आणि जिल्हापत्रात ते ‘दोन गटांत बाचाबाची’ होऊन छापले जाते. दोन्ही टप्प्यांवर कोणी खोटे लिहिलेले नसते, तरीही कर्ता नाहीसा झालेला असतो. ‘गट’ हा शब्द दोन्ही बाजूंना समान वजन देतो. ‘पूर्ववैमनस्यातून’ हा शब्दप्रयोग इतिहास सांगितल्याचा आभास निर्माण करतो आणि इतिहासच पुसून टाकतो. तटस्थतेचा हा संकेतव्यूह मुळात पोलिसी आणि न्यायालयीन कागदाचा आहे. बातमीने तो उसना घेतला आहे.

हे केवळ भाषिक अनवधान नव्हे. तालुक्याच्या गावचा वार्ताहर अनेकदा अंकांचा विक्रेता असतो, जाहिराती गोळा करणारा असतो आणि बाजार समिती, पतसंस्था, शिक्षणसंस्था यांच्या चालकांशी त्याचे नित्याचे व्यवहार असतात. ज्यांच्याविरुद्ध बातमी लिहायची तेच त्याचे जाहिरातदार असू शकतात. अशा स्थितीत कर्त्याविना वाक्यरचना ही त्याची शैली नसून त्याची उपजीविका असते. उद्धव शेळके यांनी ‘धग’ (१९६०) मध्ये वऱ्हाडी बोलीला संवादात पूर्ण प्रतिष्ठा दिली. त्यामुळे पात्राचे दुःख पात्राच्याच वाक्यरचनेत वाचकापर्यंत पोचले. कादंबरीने बोलीला दिलेला हा अधिकार बातमीने मात्र साक्षीदाराला दिला नाही.

शोधवार्तेची सुरुवात येथून होते. हरवलेला कर्ता वाक्यात परत आणणे हे तिचे पहिले काम.

३

ही परंपरा मराठीत नवी नाही. ‘मूकनायक’ (१९२०) आणि ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) या पत्रांत बातमी, पत्रव्यवहार आणि अग्रलेख यांच्या सीमारेषा पुसट आहेत. गावोगावचे अनुभव कळविणाऱ्या मजकुराला तेथे पुराव्याचे स्थान मिळते. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९२७ मध्ये त्याच शहरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. पंजाबराव देशमुख यांच्यासारख्या बहुजन नेत्याचे पाठबळ या चळवळीला होते. अशा प्रसंगी संपादक हाच परिषदेचा अध्यक्ष आणि चळवळीचा नेता असतो. आजच्या व्यावसायिक संकेतांनुसार हा हितसंबंधांचा संघर्ष ठरेल. परंतु ज्या समाजाला इतर कोणत्याही पत्रात कर्तेपद नव्हते, त्याच्यासाठी संपादक आणि साक्षीदार एकच असणे हाच वस्तुनिष्ठतेचा एकमेव मार्ग होता.

याच प्रश्नाचे दुसरे रूप अमेरिकेत दिसते. मेम्फिस शहरात १८९२ साली तीन कृष्णवर्णीयांची जमावाने हत्या केली. त्यांचे किराणा दुकान गोऱ्या दुकानदाराशी स्पर्धा करीत होते. आयडा वेल्स या कृष्णवर्णीय संपादिकेने या हत्यांचा शोध घेतला आणि अशा झुंडहत्यांमागे सांगितल्या जाणाऱ्या ‘स्त्रीच्या अब्रूच्या रक्षणाच्या’ कथेला आव्हान दिले. तिच्या पत्राचे कार्यालय उद्ध्वस्त करण्यात आले. नंतरच्या पुस्तिकांत तिने आकडे घेतले ते गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांतून, म्हणजे ते फुगविले असा आक्षेप कोणाला घेता येऊ नये. बळी गेलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांशांवरच तसला आरोप मुळात ठेवला गेला होता, हे तिने त्या आकड्यांवरून दाखविले. येथे पद्धती महत्त्वाची आहे. सत्तेच्याच कागदातून सत्तेची कथा मोडणे ही ती पद्धती होय. राजा ढाले यांनी ‘साधना’च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकात राष्ट्रध्वजाच्या अवमानाची शिक्षा आणि दलित स्त्रीच्या विटंबनेची शिक्षा शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा त्यांनी हेच केले. त्या लेखाची भाषा गाजली आणि त्यावर वादळ उठले. त्या भाषेखाली असलेली कागदोपत्री तुलना मात्र दुर्लक्षित राहिली.

४

२६ सप्टेंबर १९७४ रोजी अकोला जिल्ह्यातील ढाकळी येथे दोन दलित भावांचे डोळे काढण्यात आले. कुटुंबातल्या मुलीची सधन घरातल्या तरुणाकडून झालेली फसवणूक आणि त्याबद्दल मागितलेला जाब ही त्यामागची पार्श्वभूमी. दलित पँथरने हे प्रकरण हाती घेतले, त्या भावांना मुंबईत आणले आणि पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यासमोर उभे केले.

या ‘समोर उभे करण्या’चा अर्थ काय? विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’ या नाटकात या प्रश्नाची दुसरी बाजू आहे. १९८१ साली ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या पत्रकाराने स्त्रियांचा बाजार सिद्ध करण्यासाठी एक स्त्री विकत घेतली. त्या घटनेवर हे नाटक बेतलेले आहे. नाटकातला जयसिंग जाधव आदिवासी कमलाला पत्रकार परिषदेत पुरावा म्हणून उभी करतो. तेथे तिला प्रश्न विचारले जातात, ती हास्याचा विषय होते आणि काम झाल्यावर तिची रवानगी होते. तिला कोणी काही सांगत नाही. शोषणाचा शोध घेणारी कृतीच शोषणाच्या व्यवहाराची पुनरावृत्ती करते, हे तेंडुलकरांचे निरीक्षण अचूक आहे.

बाह्यतः ढाकळीचे भाऊ आणि कमला यांचे प्रदर्शन सारखेच. तरी भेद मूलभूत आहे. कमलाला उभे करणारा तिच्या समाजाबाहेरचा आहे आणि प्रदर्शनाचे फलित त्याच्या नावावर जमा होते. त्या भावांना उभे करणारे त्यांच्याच सामाजिक अनुभवाचे वारसदार होते आणि मागणी न्यायाची होती. एका ठिकाणी देह पुरावा होतो, दुसऱ्या ठिकाणी तो साक्षीदार होतो. पुराव्याला आवाज लागत नाही, साक्षीदाराला लागतो. मात्र हा भेद आपोआप टिकत नाही, हेही नमूद करायला हवे. ज्यांचे डोळे गेले आहेत त्यांना सर्वांनी पाहावे आणि त्यांनी कोणालाच पाहू नये, ही विषमता चळवळीच्या व्यासपीठावरही शिल्लक राहते. म्हणून आपल्याकडचा शोधपत्रकार दलित असो वा नसो, या कसोटीतून त्याची सुटका नाही.

‘कमला’मधले काकासाहेब हे पात्र या संदर्भात पुन्हा वाचावे असे आहे. लहान गावातून मराठी पत्र चालविणारा हा जुना संपादक इंग्रजी शोधपत्रकारितेच्या थराराकडे संशयाने पाहतो आणि लोकांच्या भाषेतल्या पत्रकारितेची बाजू घेतो. पण लोकांची भाषा ही नेमकी कोणाची? तालुक्याचे पत्र मराठीत असल्याने ते वस्तीचे होते असे नाही. तेंडुलकर हा प्रश्न काकासाहेबांना विचारीत नाहीत.

अनिल अवचट यांनी दलितांवरील अत्याचारांविषयी ‘कोंडमारा’त जे लिहिले त्यात आणखी एक पर्याय दिसतो. निवेदक स्वतः गावात जातो, विचारतो, ऐकतो आणि आपली अस्वस्थता लपवीत नाही. ही प्रांजळ पद्धत मराठी मध्यमवर्गाला अपरिचित गावापर्यंत घेऊन गेली, हे तिचे ऋण मोठे आहे. तिचा धोका असा की वाचकाचे तादात्म्य पीडिताशी न होता संवेदनशील निवेदकाशी होते आणि हळहळ हीच कृती वाटू लागते.

५

ढाकळीला निदान एक तारीख आहे. मेळघाटला ती नाही. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू बालकांचे मृत्यू दर पावसाळ्यात वाढतात. १९९३ साली हा प्रश्न उच्च न्यायालयापुढे गेला आणि १९९५ पासून शासनाने आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना सुरू केली. तरीही बातमी हंगामीच राहिली. बातमीला घटना लागते आणि कुपोषण ही घटना नसून स्थिती आहे. शिवाय नोंदवहीत मृत्यूचे कारण न्यूमोनिया, अतिसार किंवा कमी वजन असे लिहिले जाते. ‘भूक’ या शब्दाला त्या रकान्यात जागा नाही. येथे शोधपत्रकाराला साक्षीदाराइतकीच नोंदवही वाचावी लागते. संहितेतील मौन वाचण्याची जी सवय समीक्षकाला असते, तीच येथे पत्रकाराचे साधन ठरते.

६

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. या घटनेने वरील सर्व प्रश्न पुन्हा उभे केले. जमिनीच्या वादावर अनैतिक संबंधांची कथा पसरविण्यात आली. मेम्फिसची कथा जणू शतकानंतर विदर्भात उतरली. राष्ट्रीय पातळीवरील इंग्रजी पत्रांत सविस्तर शोधवार्ता यायला महिना लागला. १४ नोव्हेंबर २००६ रोजी अमरावतीत निषेध मोर्चाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मरण पावला. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना दोषी ठरविले, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. २०१० साली उच्च न्यायालयानेही फाशी रद्द करताना तीच भूमिका कायम ठेवली. गुन्हा सिद्ध झाला, जात मात्र सिद्ध झाली नाही. बातमीत कर्ता हरवतो, तसे निकालात कारण हरवले.

हे असे का होते याचे एक उत्तर संपादकीय कक्षात आहे. १९९६ साली बी. एन. उनियाल यांनी दिल्लीत दलित पत्रकाराचा शोध घेतला आणि त्यांना कोणी सापडला नाही. २०१९ च्या ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांच्या पाहणीत १२१ वरिष्ठ संपादकीय पदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींचे कोणीही नव्हते. प्रतिनिधित्वाने भाषा आपोआप बदलेल असे मानण्याचे कारण नाही. ठाण्याच्या कागदाचे व्याकरण दलित वार्ताहरालाही शिकविले जातेच. परंतु ज्या कक्षात “पानी भरू देलं नाई” या वाक्याचा अर्थ अनुभवाने जाणणारा कोणी नाही, तेथे ‘दोन गटांत बाचाबाची’ हे शीर्षक कोणालाच खटकणार नाही.

म्हणून जातिवास्तवाच्या शोधवार्तेचे मूल्यमापन करताना समीक्षेने तीन प्रश्न विचारावेत. वाक्यात कर्ता कोण आहे? पीडित माणूस पुरावा म्हणून आला आहे की साक्षीदार म्हणून? आणि ज्या कागदावर हे लेखन उभे आहे, त्या कागदाचे मौन लेखकाने वाचले आहे काय? हे प्रश्न पत्रकारितेच्या नीतीचे जितके आहेत तितकेच साहित्यशास्त्राचेही आहेत. ते विचारण्यासाठी लागणारी साधने आपण दलित आत्मकथनांच्या चर्चेत कमावली आहेत. जिल्हापत्राच्या चार ओळींच्या बातमीवर ती वापरून पाहणे बाकी आहे.