सदतीस अंशांचे एक वाक्य

विजयदुर्गच्या किल्ल्यात काही दगडी ओटे आहेत. ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ते दाखवले जातात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथूनच हेलियम शोधला, असे दाखवणारा सांगतो आणि सहलीची मुले ते वहीत उतरवून घेतात. वास्तविक लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते ग्रहण गुंटूरहून पाहिले. लॉकियरने सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला तो ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडातूनच. विजयदुर्गला तो आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ओट्यांचा संबंध जोडायचाच तर त्या मुक्कामाशी जोडावा लागेल.

आमचा विषय मात्र ताप हा आहे. लॉकियरची आठवण झाली ती १८६८ या सालामुळे. त्याच वर्षी लायप्झिगच्या वुंडरलिश या डॉक्टरांचा रोगातील शरीर-तापमानावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्यातून आपल्या वर्गांत एक वाक्य आले : ‘निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइट असते.’ हेलियमचे वाक्य एका किल्ल्यापुरते आहे. हे दुसरे प्रत्येक शाळेत शिकवले जाते, प्रश्नपत्रिकेत रिकामी जागा म्हणून येते आणि घराघरांत त्यावरून औषध द्यायचे की नाही हे ठरते. म्हणून त्याची झडती घेणे आम्हांला अधिक जरुरीचे वाटते.

वुंडरलिश यांनी सुमारे २५,००० रुग्णांची तापमाने काखेत थर्मामीटर ठेवून घेतली होती. त्या वेळचा थर्मामीटर लांबलचक असे आणि एका नोंदीला पंधरा-वीस मिनिटे लागत. आजच्या ओळखीचा सहा इंची थर्मामीटर याच सुमारास इंग्लंडात ऑलबट यांनी तयार केला. महत्त्वाचे असे, की वुंडरलिश एका आकड्यावर थांबले नव्हते. निरोगी माणसाचे तापमान एका पट्ट्यात राहते, पहाटे ते कमी आणि सायंकाळी जास्त असते, हे त्यांनी लिहून ठेवले होते. पाठ्यपुस्तकांच्या हाती त्यातला मधला आकडा तेवढा लागला. पट्टा गळला, पहाट-सायंकाळ गळली, काखही गळली.

मग ९८.६ मधला तो ‘.६’ कुठून आला? तो थर्मामीटरने दिलेला नाही, गुणाकाराने दिलेला आहे. ३७ ला ९ ने गुणा, ५ ने भागा, ३२ मिळवा. पण ३७ हा जर पूर्णांकात सांगितलेला आकडा असेल तर त्यात ३६.५ पासून ३७.५ पर्यंत सगळे येते, फॅरनहाइटमध्ये ९७.७ ते ९९.५. जवळजवळ दोन अंशांची ढिलाई असलेल्या आकड्याला दशांशाची इस्त्री करून आपण तो कडक केला. सार्थ अंकांचा पाठ शिकवताना हे उदाहरण कुणी घेत नाही, याचे आम्हांला नवल वाटते.

अमेरिकेत बाल्टिमोर येथे १४८ निरोगी तरुण स्त्री-पुरुषांची तोंडातील तापमाने पुन्हा काळजीपूर्वक घेण्यात आली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात सरासरी आली ३६.८ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.२ अंश फॅरनहाइट. सकाळी सहाला सर्वांत कमी, दुपारी चार ते सहाच्या दरम्यान सर्वांत जास्त. तेव्हा सकाळचे ९९ आणि संध्याकाळचे ९९ हे एकच ९९ नव्हे.

पाठातला दुसरा ठरलेला प्रश्न म्हणजे ‘वैद्यकीय तापमापी वापरण्यापूर्वी झटका का देतात?’ नळीच्या चिंचोळ्या जागेमुळे चढलेला पारा आपोआप उतरत नाही, म्हणून. प्रश्न सुंदर आहे. पण पाऱ्याच्या विषारीपणामुळे, आणि २०१३ च्या मिनामाता करारानंतर तर अधिकच, पाऱ्याची उपकरणे मागे पडत आहेत. घरी आता बहुधा बटणाचा थर्मामीटर असतो, आणि पाठ पक्का केलेली मुले तोही झटकतात! त्या थर्मामीटरात तापमानाबरोबर विद्युतरोध बदलणारा एक बारीक तुकडा असतो. तापमानाची चढण मंदावली, की तो ‘टीं’ वाजवतो. काख उघडी राहून थंड झालेली असेल तर खरे तापमान गाठण्याआधीच चढण मंदावते आणि आवाज लवकर येतो. काख कोरडी करावी, हात थोडा वेळ अंगाशी मिटवून ठेवावा, मग थर्मामीटर लावावा. आवाज झाल्यावर आणखी थोडा वेळ ठेवून पाहा. आकडा सरकतो का? हा प्रयोग आज कुठल्याही वर्गात करता येईल. पाठात मात्र तो नाही.

आणि कपाळासमोर धरायचे ते पिस्तूल! करोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा ते शिक्षकांच्याच हाती आले. किनाऱ्यावरील एका शाळेची त्या दिवसांची नोंदवही आम्ही पाहिली. पानेच्या पाने ३४ आणि ३५ अंशांनी भरलेली. शरीराच्या आतले तापमान खरेच ३५ च्या खाली गेले तर तो माणूस गारठून आजारी पडलेला असतो, त्याला दवाखान्यात न्यावे लागते. ही मुले तर मैदानात धावत होती. ते यंत्र त्वचेतून निघणारी अवरक्त किरणे मोजते आणि त्यावरून आतल्या तापमानाचा अंदाज बांधते. घाम, वारा, ऊन, धरण्याचे अंतर यांनी अंदाज चुकतो. अनेक यंत्रांत ‘शरीर’ आणि ‘पृष्ठभाग’ असे दोन पर्याय असतात. दुसरा चालू राहिला तर भिंतीचे मोजावे तसे कपाळाचे मोजले जाते. वही भरणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. ३७ हा आकडा ज्यांना तोंडपाठ होता त्यांनाही ३४ खटकला नाही. आमचा रोख आहे तो यावर.

हा वाद पुस्तकी नाही. भातलावणीच्या दिवसांत चिखलात राबणाऱ्या माणसाला ताप आला तर सिंधुदुर्गात लेप्टोची शंका घ्यावी लागते. दवाखाना दूर, पाऊस कोसळतो आहे, आणि फोनवर घरचे डॉक्टरांना सांगतात, ‘अंग गरम लागतंय.’ हाताला गरम लागणे हे लावणाऱ्याच्या हातावरही अवलंबून असते. नुकतीच भांडी घासलेल्या गार हाताला सगळेच तापलेले वाटते. ‘काल सकाळी सातला ९९, संध्याकाळी सहाला १०२, काखेत, गोळी दुपारी दोनला दिली’ असे आठवीतल्या मुलीला सांगता आले, तर डॉक्टरांच्या हाती काही लागते. काखेतले तापमान तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअस कमी येते. पुष्कळ घरांत त्यात ‘एक मिळवून’ सांगतात आणि डॉक्टर आपल्याकडून आणखी एक मिळवतात. मिळवू नये, जागा सांगावी.

पाठ नव्याने लिहायचा झाला तर आम्ही ते वाक्य छापणारच नाही. त्या जागी एक कोरा तक्ता देऊ : चार दिवस, रोज सकाळी उठल्याबरोबर, दुपारी आणि संध्याकाळी, ताप नसताना, एकाच थर्मामीटरने, एकाच काखेत. तोच थर्मामीटर वर्गभर फिरवू नये. ज्याचा त्याने घरून आणावा, नसेल तर शाळेचा साबणाच्या गार पाण्याने धुऊन मग दुसऱ्याला द्यावा. तक्ता भरल्यावर प्रत्येकाने आपला पट्टा आखावा आणि शेजाऱ्याच्या पट्ट्याशेजारी ठेवावा. सहलीला विजयदुर्गला जाणाऱ्या शाळांनी हे तक्ते सोबत न्यावेत. ओट्यांपाशी बसून त्यांवर बोलायला तासभर तरी मिळतो.